कॉक्लिअर इम्प्लांट : शस्त्रक्रियेनंतरचे काम

सर्वांत ताकदीचे श्रवणयंत्र लावूनही समोरच्याच्या ओठांकडे पाहिल्याखेरीज वाक्य कळेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी मला कॉक्लिअर इम्प्लांट सुचवले. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण अंतर्कर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशीच निकामी झाल्या असतील, तर त्या मोठ्या आवाजाचा फारसा उपयोग होत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून थेट श्रवण-मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म संकेत देते.

ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी, सीटी स्कॅन, एमआरआय आणि मेंदुज्वराचा धोका कमी करणारी न्यूमोकोकलची लस, हे सोपस्कार रीतसर पार पडले. अपंगांना साहाय्यक उपकरणांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून या शस्त्रक्रियेसाठी मिळणारे साहाय्य लहान मुलांसाठी असल्यामुळे पैशांची तजवीज मात्र मलाच करावी लागली. शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. नातेवाईक तिचीच चौकशी करतात, पण खरे काम जखम भरल्यावर सुरू होते.

कानामागे आवाज टिपून आतल्या इम्प्लांटला पाठवणारा प्रोसेसर लावून यंत्र प्रथम सुरू केले, तेव्हा पत्नीचा आणि ऑडिओलॉजिस्टचा (श्रवणतज्ज्ञाचा) आवाज मला सारखाच किरटा वाटला. यात नवल नव्हते, कारण निरोगी कानात सुमारे 3,500 आंतर केसपेशी करतात ते काम माझ्या कानात इम्प्लांटच्या, मज्जातंतूला संकेत देणाऱ्या 22 इलेक्ट्रोडांवर आले होते. मॅपिंगमध्ये, म्हणजे यंत्र रुग्णाच्या कानाला जुळवून देताना, प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी जेमतेम ऐकू येणारा आणि त्रास न होता सोसवणारा सर्वांत मोठा आवाज, असे दोन टप्पे ठरवतात. मेंदू सरावतो तसे ते पुनःपुन्हा बदलावे लागतात. ऑडिओलॉजिस्ट तोंडापुढे कागद धरून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ असे उच्चार करी आणि मी ते परत म्हणायचे. ‘स’ मला कित्येक वर्षांनी ऐकू आला. त्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुरही आली, आणि सुरुवातीला ती घरातल्या बोलण्यावर मात करी.

घरी पत्नी वर्तमानपत्र वाचत असे. आधी मी ओळीवर बोट ठेवून ऐके. पुढे कागद बाजूला ठेवून, तिच्याकडे पाठ करून ऐकू लागलो. स्वर लवकर जमले; ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत मात्र दीर्घकाळ गोंधळ होई, आणि त्यावरून आमचे खटके उडत. हा कंटाळवाणा सराव करून घेणारे माणूस घरात नसेल, तर महागड्या यंत्राचे चीज होणे कठीण आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता शांत खोलीत फोनवर बोलता येते. लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही ओठच वाचावे लागतात. गाण्याचे मात्र जमलेले नाही. तबल्याचा ठेका चोख कळतो, पण गायकाचा सूर वर गेला की खाली आला, हे ओळखता येत नाही. पुढच्या मॅपिंगच्या वेळी तेवढे विचारणार आहे, जरी ऑडिओलॉजिस्टने त्याबाबत फारशी आशा दाखवलेली नाही.