आमची वाटचाल : डीबी४ आणि ३५०० जीटी यांच्या सोबतीने

पुण्यात मोटारींचे काम शिकून इंग्लंडला आल्यावर आम्ही बकिंगहॅमशायरमध्ये छोटे गॅरेज काढले आणि सुरुवातीची काही वर्षे सर्व्हिसिंग, ब्रेक, रंगकाम असे मिळेल ते काम केले. जुन्या ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या वेगवान प्रवासासाठी बनवलेल्या, गाड्यांकडे आम्हाला वळवले ते पत्रेकामाने. ॲस्टन मार्टिनची डीबी४ ही गाडी १९५८ ते १९६३ या काळात जवळच्याच न्यूपोर्ट पॅग्नेलमध्ये तयार होत असे. तिची बॉडी आम्हाला जमते हे कळल्यावर मासेराती ३५०० जीटीचे मालकही येऊ लागले.

त्याला कारणही होते. दोन्ही गाड्यांचे रेखाटन मिलानच्या कारोझेरिया टूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीचे आणि बांधणी तिच्याच सुपरलेजेरा पद्धतीची, म्हणजे बारीक पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. या रचनेने वजन घटते, परंतु दोन धातूंमध्ये ओलावा शिरला की पत्रा आतून झिजत जातो, नळ्या गंजतात आणि वरचा रंग मात्र तुकतुकीत राहतो. म्हणून गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या संग्राहकाला आम्ही इंजिनाआधी दाराखालची पट्टी उघडून पाहण्यास सांगतो.

इंजिनांत मात्र स्वभावाचा फरक आहे. अभियंते टाडेक मारेक यांनी आखलेले डीबी४चे ३,६७० घनसेंटीमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ॲल्युमिनियमचे; सुरुवातीच्या गाड्या सलग वेगात धावल्या की तापलेला ब्लॉक प्रसरण पावे, बेअरिंगमधली फट वाढे आणि तेलाचा दाब उतरे. मोठी ऑइल पॅन आणि ऑइल कूलर हा त्यावरचा उपाय होता. मासेरातीचे जुलिओ आल्फिएरी यांनी घडवलेले ३,४८५ घनसेंटीमीटरचे इंजिनही सहा सिलिंडरांचेच, पण त्याचे मूळ शर्यतीच्या गाडीत असून प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत. गंमत अशी की या इटालियन गाडीचे ब्रेक गर्लिंगचे आणि मागचा ॲक्सल सॅलिसबरीचा, म्हणजे दोन्ही इंग्लिश कंपन्यांचे, त्यामुळे तिचे हे भाग इंग्लंडमध्ये आम्हाला सहज मिळतात. आतली सजावट आणि दिव्यांच्या कडा यांच्यासाठी मात्र शोधाशोध करावी लागते.

बाजारात डीबी४ची किंमत बरीच अधिक असते, आणि त्यात तिच्या धाकट्या बहिणीला, डीबी५ला, पडद्यावर लाभलेल्या प्रसिद्धीचा वाटा मोठा आहे. पुढे विकण्याचा विचार असेल तर ॲस्टन घ्यावी. आल्प्स ओलांडून स्वतः चालवत जायचे असेल, तर आमच्या मते मासेराती अधिक समाधान देते. अपवाद १९६१ पासूनच्या जीटीआयचा, म्हणजे ३५०० जीटीच्या इंधन इंजेक्शनवाल्या आवृत्तीचा. तिच्यातले ल्युकास इंधन इंजेक्शन काढून अनेकांनी वेबर कार्ब्युरेटर बसवले. गाडी त्यावर उत्तम चालते, पण काढलेली मूळ यंत्रणा सोबत मिळत नसेल तर किंमत तेवढी उतरवून घ्यावी, असे आम्ही ग्राहकाला लेखी कळवतो.