दोघांची जाग

बुधवार, पहाटेचे साडेतीन

आठव्या दिवशी नळ आला, तोही रात्री दोनला. गल्लीत मोटारींची घरघर सुरू झाली तशी उठले. हे गाढ झोपेत. हलवावं असं वाटलं, पण राहू दिलं. संध्याकाळपासून अबोला होता.

कारण माझा गुडघा. दवाखान्यात दाखवायला जायचं ठरलं होतं, हे विसरले. मी चिडले तर म्हणाले, "अगं, कोण कुणावर चिडायलंय? सगळं एकच तर हाय." तीन वर्षं आम्ही दोघं ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाच्या वाचनाला बसतोय, त्यातून ह्यांनी एवढंच उचललं. माझ्या पाहण्यात असले अद्वैती बरेच आहेत. चूक कबूल करायची वेळ आली की सगळं एक, आणि चहात साखर कमी पडली की लगेच तू आणि मी! मीही म्हटलं, "एकच असंल तर माझा गुडघा तुम्हाला का दुखत नाही?" त्यावर पेपर तोंडापुढं.

पाइप तोटीवर बसत नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी लागते. ती अंधारात सापडेना. पहिली बादली गढूळ, ती झाडांना. मग हौद, टिप, दोन घागरी. घागर उचलताना गुडघ्यात कट् आवाज झाला आणि डोळ्यांत पाणीच आलं.

देह म्हणजे मी नव्हे, हे ऐकून ऐकून पाठ झालंय. अंबाजोगाईत राहून ते न ऐकून कसं चालेल! मुकुंदराजांनी अद्वैतावरचा विवेकसिंधू इथंच लिहिला म्हणतात, शके 1110 ला. इथल्याच संत दासोपंतांनी तर पंचीकरण, म्हणजे पाच भूतांतून हा देह कसा घडतो ते, चाळीसेक फूट लांब पासोडीवर लिहून काढलं. मला त्यांचं फार वाटतं. देह खोटा म्हणून झटकून टाकायचा असता, तर एवढं कापड कशाला लागलं असतं? वांझोट्या वैराग्याचा मला कंटाळा आहे. दुखणारा गुडघा नाकारून मी कुठं मोकळी होणार?

कट्ट्यावर बसले आणि अमृतानुभवातली शिव आणि शक्तीची ओवी आठवली, पहिल्याच प्रकरणातली. त्या घरात दोघंच. धनी निजले की स्वामिनी एकटी जागी राहते, पण राहते ती दांपत्य होऊन. दोघांचं असणं ती एकटी सांभाळते. वाचनात ही ओवी कितीदा ऐकली, आज मोटारीच्या आवाजात ती कळल्यासारखी झाली. हौद भरत होते तो काही माझ्या एकटीच्या अंघोळीसाठी नव्हता. (पुढच्या ओवीत दोघांतलं एक जरी जागं झालं तर अख्खं घर गिळून टाकतं. आमच्याकडं नुसती टाकी भरते.)

पण म्हणून राग गेला, असं नाही. ओवी कळली तरी घागरी जड त्या जडच.

तीनच्या सुमाराला हे उठून आले. "काय करायलीस? मला का नाही उठवलं?" मी बोलले नाही. मोटार त्यांनी बंद केली, पाइप गुंडाळला, उरलेल्या दोन कळशा आत नेल्या. मग पळीत तिळाचं तेल कोमट करून आणलं आणि माझ्यासमोर फरशीवर बसले. चूक झाली वगैरे काही नाही, तो त्यांचा स्वभाव नाही.

"कुठं दुखतंय?"

त्यांनी वाटीवर अंगठा दाबला. "तिथं नाही, आत, खालच्या अंगाला." पुन्हा चुकले. शेवटी मीच त्यांचं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं. खरंच एक असतो तर विचारावं लागलं नसतं. विचारलं, ते बरं वाटलं.

तेल जास्त झालं, साडीला लागलं. हे परत घोरायलेत. सकाळी नंबर लावायला नऊच्या आत गेलं पाहिजे, कागद पिशवीत टाकून ठेवलेत.