पुढून जाळी, मागून व्रण

काकांचा जांघेतला हर्निया तपासला आणि मुलाला सांगून टाकलं, हे काम आपल्या तालुक्याच्या थिएटरात नको, रोबोटने करायला नागपूरला न्या.

एरवी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा हर्निया मी इथेच करतो. पोट उघडून केलेल्या त्या ऑपरेशननंतर लघवीची पिशवी आणि पुढचं हाड यांच्यामधली जागा चिकटून बसते. दुर्बिणीने मागून, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने, जाणाऱ्याला नेमकी तीच जागा लागते; जांघेवर छेद घेऊन पुढून आधाराची जाळी बसवणाऱ्याला तिच्याशी देणंघेणं नसतं. नुसती जांघ बधिर केली तरी भागतं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कलही अशा रुग्णांत पुढूनच जाण्याकडे आहे. रोबोट आला म्हणून सगळ्यांना नागपूरला पिटाळणं मला पटत नाही.

काकांचं मात्र दोन्हीकडून अडलेलं. मागे प्रोस्टेटचा व्रण, पुढे आधीच्या हर्नियाची जाळी, आणि तिच्या कडेनं गोटा पुन्हा उतरलेला. परत पुढून शिरायचं तर जाळीत रुतलेल्या नसा सोडवत बसायचं, वर वृषणाचा रक्तपुरवठा जायची भीती. म्हणून मागूनच जायचं, पण रोबोटने.

"मंग मशीन आपल्याच मनानं कापते का जी?" काकांनी विचारलं.

म्हटलं, नाही. सर्जन बाजूला बसतो, त्याची बोटं हलली तरच तिचे हात हलतात.

"मंग बरं हाय."

तिथल्या सर्जननी मला थिएटरात उभं राहू दिलं. पडद्यावर सगळं पांढरट, वाळल्या चामड्यासारखं. लघवीची पिशवी कुठे संपते काही कळेना. मग कॅथेटरमधून, म्हणजे लघवीच्या नळीतून, सलाईन पिशवीत सोडलं. हळूहळू एक कड फुगून वर आली. सलाईन काढलं, कड बसली. पुन्हा सोडलं, पुन्हा वर आली. त्या कडेला धरून रोबोटची कात्री मनगटासारखी वळत तसूतसूने सरकली. बहुतेक वेळ एवढ्याच जागेत गेला. "हाताला काही लागत नाही," ते म्हणाले, "ताण डोळ्यानं ओळखायचा." पोटाचा आतला पातळ पडदा एका ठिकाणी फाटला, तो टाके घालून जोडला. दुर्बिणीच्या सरळ हत्यारांनी मी तिथे घामाघूम झालो असतो. 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी बसवायला त्यामानाने काहीच वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काका वॉर्डात फिरत होते. मला बघून पहिला प्रश्न, फवारणीचा पंप पाठीवर कधी घेऊ? सोयाबीनवर अळी आली होती. म्हटलं, यंदाची फवारणी पोराकडे.