तुम्ही विचारलंत म्हणून: पंधरा ऑगस्टची रशियन गाणी

सोसायटीचं झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, की आमच्या घरातून दुपारभर रशियन गाणी का ऐकू येतात, हे तुम्ही मला दर वर्षी विचारता. कुणी हसत विचारतं, कुणी जरा टोचून. गेल्या वर्षी एकानं ‘आजच्या दिवशी तरी आपली गाणी लावा की’ असं जिन्यात गाठून सांगितलं. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो.

झेंड्याच्या दोरीची गाठ दर वर्षी मीच बांधतो. माझ्या देशप्रेमाचा हिशेब मला कुणाला द्यायचा नाही. पण १५ ऑगस्ट १९९० ला भर दुपारी लाटव्हियात, तुकुम्स गावाजवळच्या रस्त्यावर, ही गाणी ज्याची, त्या व्हिक्टर त्सोयची मोस्कविच गाडी समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली. तो मासेमारी करून परतत होता. गेला तेव्हा वय २८. गाडी चालवताना डोळा लागला, असं चौकशीत ठरलं. त्याच सकाळी आम्ही भारतीय मुलांनी लेनिनग्राडच्या, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या, होस्टेलमध्ये झेंडा लावून ‘जन गण मन’ म्हटलं होतं. तारीख मी निवडलेली नाही.

यावर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तो गायक होता की नट? या प्रश्नाला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली, कारण याच प्रश्नावरून माझा सगळ्यात जवळचा मित्र तुटला.

मी १९८६ साली तिथं शिकायला गेलो. भारतीय म्हटलं की जो तो मला मिथुनच्या नाचाबद्दल विचारायचा. त्सोयबद्दल विचारण्यापुरतं रशियन यायला मला वर्ष लागलं. तोवर मी त्याचा फक्त आवाज ओळखत होतो. ‘किनो’ या त्याच्या बँडची गाणी दुकानात मिळायची नाहीत. रेकॉर्ड काढणारी कंपनी सरकारी आणि एकच. मग आंद्रेई त्रोपिल्लोसारखा माणूस मुलांच्या तंत्रछंद केंद्रातल्या स्टुडिओत या पोरांचं रेकॉर्डिंग करायचा, आणि ते टेपवरून टेपवर उतरत देशभर जायचं. आमच्या हाती आलेल्या कॅसेटवर गाण्याइतकीच खरखर असायची. रुबिन्श्तेइन रस्त्यावर १३ नंबरच्या घरात १९८१ पासून रॉक क्लब होता, पण तिथं गायचं तर गाण्याचे शब्द आधी तपासून घ्यावे लागत. पोटापाण्याचं म्हणाल तर त्सोय ब्लोखिन रस्त्यावरच्या बॉयलरखान्यात कोळसा ओढत होता. नोकरी नसणं हाच तिथं गुन्हा होता, म्हणून अर्धे गाणारे बॉयलरखान्यातच सापडायचे.

चेहरा दिला तो सिनेमानं. टीव्ही ज्याला दारात उभं करत नव्हता, त्याला सरकारी पैशानं निघालेला आणि सरकारी थिएटरांतून गावोगाव गेलेला सिनेमा पडद्यावर घेऊन आला. दिग्दर्शक सोलोव्योवच्या ‘आस्सा’ सिनेमात तो शेवटाकडे येतो. रेस्टॉरंटची बाई त्याला नियम वाचून दाखवत असते, तो ते न ऐकता निघतो, स्टेजवर जातो आणि बदल मागणारं गाणं म्हणतो. गाता गाता समोरचं रेस्टॉरंट जाऊन अथांग गर्दी येते. आणि १९८८ सालचा ‘इग्ला’, रशीद नुगमानोवनं दिग्दर्शित केलेला, कझाकस्तानात अल्मा-आताच्या कझाकफिल्म स्टुडिओनं काढलेला. त्यात त्सोय मोरो नावाचा तरुण आहे. उधारी वसूल करायला तो गावी येतो आणि जुनी मैत्रीण मॉर्फिनच्या आहारी गेलेली पाहतो. तिला घेऊन अराल समुद्रावर जातो. समुद्र तिथून निघून गेलेला असतो.

माझा रूम पार्टनर त्याच समुद्राकाठच्या अराल्स्कचा होता. कझाक. त्याचे आजोबा मासेमारीवर जगले. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं, आणि त्याच्या लहानपणीच समुद्र बंदर सोडून इतका मागे गेला की घरातून दिसेना. ‘इग्ला’ आम्ही शेजारी बसून पाहिला. मी गाण्यांची वाट पाहत होतो. तो कशाची वाट पाहत होता हे मी विचारलं नाही.

त्यानंतर आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचो, सिनेमानं त्सोयचं वाटोळं केलं. नट म्हणून तो करतो काय? चालतो, सिगरेट पेटवतो, गप्प राहतो, ब्रूस लीसारखी एखादी लाथ मारतो. ‘सोव्हेत्स्की एक्रान’ या सिनेमाच्या नियतकालिकाच्या वाचकांनी त्याला १९८९ चा सर्वोत्तम नट ठरवलं तेव्हा मला संताप आला होता. जून १९९० मध्ये मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर त्याच्या कार्यक्रमासाठी ऑलिंपिकची ज्योत पेटवली. मी म्हणालो, बघ, खोलीत बसून गाणाऱ्या माणसाचा यांनी पुतळा केला. मित्र एवढंच म्हणायचा, ‘तुला फक्त ऐकता येतं.’

१९ ऑगस्टला लेनिनग्राडच्या बोगोस्लोव्स्कोये दफनभूमीत त्सोयला पुरलं. मी गर्दीत होतो. काही दिसलं नाही. माणसांच्या पाठी दिसल्या. मित्र सुट्टीत गावी होता. त्याच्या घरी फोन नव्हता. अशा वेळी तार करून माणसाला ठरल्या वेळी त्याच्या गावच्या टेलिफोन केंद्रावर बोलवायची तिथं पद्धत होती. मी तार केली, पैसे भरले, काचेच्या खोलीत उभा राहिलो. त्याच्याशी बोललो की मला रडता येईल, असं मला वाटत होतं.

‘ऐकलं मी रेडिओवर,’ तो म्हणाला. मग बराच वेळ नुसती घरघर. मिनिटांचे पैसे चालले होते. मग तो म्हणाला, ‘आता आमच्या समुद्रावर कोण येणार?’

मला काही कळेना. मी दफनभूमीतून आलो होतो, आणि हा समुद्राचं बोलत होता. मी म्हणालो, गाणी तर राहिली आहेत ना. तो म्हणाला, ‘गाण्यांनी आमचं काय होणार? मॉस्कोतल्या लोकांना आमची वाळू त्यानं दाखवली. ती बघायला ते एरवी आले असते का?’

आणि मी म्हणालो, ‘तो समुद्रासाठी आला नव्हता. दिग्दर्शकानं उभं केलं तिथं उभा राहिला.’

पलीकडे तो काहीतरी बोलला, कझाकमध्ये. मग ऑपरेटर बाई म्हणाली, वेळ संपली. सप्टेंबरमध्ये तो परत आला आणि त्यानं खोली बदलून घेतली. जिन्यात भेटलो की मान हलवायचो. १९९१ मध्ये मी निघालो, वर्षअखेरीला सोव्हिएत संघ हा देशच नकाशावरून गेला, आणि अराल्स्कच्या पत्त्यावर टाकलेल्या पत्रांचं उत्तर आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्यावरून? ते वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. नट उभा केला तिथंच उभा राहतो. पण कुणाला सांगत होतो मी ते, आणि कोणत्या दिवशी?

वाद मात्र मिटलेला नाही. २०२० मध्ये बेलारूसमधल्या मिन्स्कच्या रस्त्यांवर निदर्शनं करणारे लोक तेच बदलाचं गाणं म्हणत होते. मी लगेच मनात मित्राला म्हणालो, बघ, गाणंच टिकलं. मग आठवलं, ते गाणं रॉक क्लबच्या महोत्सवात १९८६ सालीच म्हटलं गेलं होतं. त्या सभागृहातून ते घरोघरी पोचलं ते ‘आस्सा’च्या शेवटामुळे. म्हणजे मुद्दा त्याचा. पण मग आवाज नसता तर त्या शेवटात होतं काय? आणि ‘इग्ला’त तो ज्या कोरड्या तळावर चालतो, तिथं त्याचं ते काही न बोलणं, जे मला तेव्हा अभिनय न येणं वाटायचं, त्याहून वेगळं दुसरा कुठला नट काय करू शकला असता, हेही मला आता सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणजे हरलो असं नाही. त्याच्याशी बोलून ठरवायचं होतं, ते राहिलं.

तेव्हा यंदाही गाणी लागणार. आवाज कमी ठेवीन, चारच्या आत बंद करीन. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवून दोनला या. ‘इग्ला’ही लावणार आहे, इंग्रजी सबटायटल्स आहेत, आणि अरालचा भाग मी कुणालाही पुढे पळवू देणार नाही.