वेळणेश्वरला जावे ते जयगडच्या फेरीबोटीने

सोलापूरहून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वर या समुद्रकाठच्या गावी जायचे म्हटले की बहुतेक जण चिपळूणचा रस्ता सांगतात. पंढरपूरमार्गे कराड गाठायचे, कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणहून शृंगारतळीकडे वळायचे आणि थेट गावात पोहोचायचे. हा मार्ग सरळ आहे आणि त्यात कुठेही बोटीने पाणी ओलांडावे लागत नाही. तरीही वेळणेश्वरला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला मी आग्रहाने दुसरी वाट सुचवतो. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरावा, निवळीवरून जयगडला जावे आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून गुहागर तालुक्यातील तवसाळला उतरावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण ज्या गावाला आपण निघालो आहोत ते गाव कशामुळे घडले, हे या वाटेने गेल्यावरच कळते.

आपण दुष्काळी पट्ट्यातील माणसे आहोत. सोलापुरात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तीन हजारांहून अधिक. आपल्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, उजनीचा फुगवटा किंवा चंद्रभागेतील होडी. ते पाणी धरून ठेवावे लागते, जपून वापरावे लागते आणि ते किती टक्के उरले याची बातमी रोज वाचावी लागते. जयगडच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर समोर येणारे पाणी वेगळ्या जातीचे आहे. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, आणि खाडी इतकी रुंद आहे की पलीकडच्या तवसाळची घरे झाडीतून जेमतेम ओळखू येतात. हे पाणी दिवसातून दोनदा आत येते, दोनदा बाहेर जाते आणि किनाऱ्यावरच्या माणसांचे वेळापत्रक तेच ठरवते.

फेरीबोटीचा धक्का नीट पाहण्यासारखा असतो. तो सरळ भिंतीसारखा न बांधता पाण्यात उतरत जाणाऱ्या उतारासारखा बांधलेला असतो, कारण भरतीला पाणी वर चढते, ओहोटीला खाली जाते आणि बोटीला दोन्ही वेळी किनाऱ्याला टेकता आले पाहिजे. सपाट तळाची बोट पुढे सरकते, तिच्या तोंडाशी असलेली लोखंडी फळी साखळ्यांवरून खाली येते आणि ओल्या सिमेंटवर खरवडत टेकते. मग खलाशी हाताच्या खुणांनी एकेक मोटार जागेवर लावून घेतो, मोटारींच्या मधल्या फटींत दुचाक्या बसवतो, आणि शेवटी डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका व शाळेची मुले कठड्याशी उभी राहतात. चालकाने काचा खाली करून बाहेर यावे आणि वरच्या मजल्यावर जावे. प्रवास थोड्याच मिनिटांचा असतो, पण तेवढ्यात जयगड किल्ल्याची तटबंदी खाडीच्या बाजूने दिसते. हा किल्ला कुणावर नजर ठेवण्यासाठी बांधला हे जमिनीवरून नीट उमगत नाही. बोटीतून पाहताना मात्र खाडीच्या तोंडातून आत येणारे प्रत्येक गलबत त्याच्या टप्प्यात होते, हे पाहताक्षणी समजते. त्याच नजरेत आजचे मोठे बंदर आणि औष्णिक वीज प्रकल्पही येतो. काहींना तो सौंदर्याला बाधक वाटतो. मला तो खाडीच्या व्यापाराचा पुढचा अध्याय वाटतो, आणि तो न पाहता किल्ला पाहणे मला अपुरे वाटते.

या वाटेचा आग्रह धरण्याचे खरे कारण इतिहासात आहे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती 1998 मध्ये. त्याआधी कित्येक दशके मुंबईला कामाला गेलेला माणूस आगबोटीने गावी येत असे. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांपुढे आगबोट खोल पाण्यात थांबत असे आणि उतारूंना पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवून किनाऱ्याला आणले जात असे. गिरणीत मिळालेला पगार, पोरांसाठी घेतलेले कापड आणि मुंबईच्या बातम्या या गावांत पाण्यावरूनच येत. 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट बुडून शेकडो माणसे गेली, ती आठवण किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतून आजही निघते. आपल्या सोलापूरलाही गिरण्यांनीच मोठे केले असल्यामुळे, मुंबईच्या गिरणीतून घरी परतणाऱ्या त्या माणसाची वाट आपल्याला परकी वाटू नये. गाव ज्या बाजूला तोंड करून बसले आहे, त्या बाजूने त्याच्याकडे जावे असे मला मनापासून वाटते.

तवसाळला उतरल्यावर रस्ता चढतो, कातळाच्या सड्यावरून जातो, रोहिल्यावरून हेदवीकडे वळतो आणि मधूनमधून डावीकडे समुद्र दाखवत राहतो. हेदवीत दशभुजा लक्ष्मीगणेशाचे मंदिर आहे, त्याचे दर्शन सगळेच घेतात. माझे सांगणे मात्र बामणघळीबद्दल आहे. उमामहेश्वराच्या देवळापाशी किनाऱ्याच्या काळ्या खडकाला एक अरुंद, लांब भेग पडली आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत घुसते, जागा अपुरी पडल्याने दाबली जाते आणि मोठ्या आवाजानिशी उंच उसळते. ओहोटीला गेलात तर तिथे नुसती कोरडी फट दिसते आणि लोक निराश होऊन परततात. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी सोलापूरकराच्या घरातच साधन टांगलेले असते. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दाते पंचांग आपल्याच शहरात तयार होते. मुहूर्तासाठी ते उघडणाऱ्या आपल्या लोकांनी समुद्रावर जाण्याआधीही ते उघडावे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि पाणी सर्वांत वर येते, तेव्हा बामणघळ पाहावी ती लांबूनच. ओल्या शेवाळलेल्या खडकावर कडेला जाणे जिवावर बेतू शकते.

वेळणेश्वर तिथून पुढे थोड्याच अंतरावर आहे. उतार संपतो तिथे माडांची दाट आगरे सुरू होतात, आणि त्यांच्या सावलीतून चालत गेले की शंकराचे देऊळ व त्यामागे अर्धवर्तुळाकार पुळण दिसते. अनेक कोकणस्थ घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. शांतता हवी असेल त्यांनी ते दिवस टाळावेत. राहण्यासाठी हॉटेलपेक्षा गावातील घरगुती सोय निवडावी, असे माझे ठाम मत आहे. चिऱ्याची जोती, शेणाने सारवलेले अंगण, मागीलदारी पोफळी आणि विहीर असे घर मिळाले तर जेवणही तसेच मिळते. कुळथाची पिठी, बिरड्याची उसळ, गरम भात, सोलकढी आणि आधी सांगून ठेवले तर उकडीचे मोदक. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी रात्री पांघरायला दिलेली चादर आपल्याच सोलापूरची निघाली. “तुमच्या गावची चादर विरते, पण फाटत नाही हो,” असे त्या म्हणाल्या तेव्हा पत्नीने बरोबर आणलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. भाकरी मोडण्याचा आवाज ऐकून त्यांना नवल वाटले, आणि सकाळच्या न्याहारीला त्यांनी ती चटणी आमच्याआधी स्वतःच्या घावनाला लावून पाहिली.

समुद्रात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे आणि ओहोटी लागली असता पाण्यात जाऊ नये. हा इशारा मी मुद्दाम देत आहे, कारण किनाऱ्यावरचे अनेक अपघात घाटावरून आलेल्या, पोहायला नदीत किंवा विहिरीत शिकलेल्या माणसांचे होतात. आपल्या विहिरीतले पाणी माणसाला आत ओढत नाही.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी कोकणातील खाड्यांवर पूल उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्यात जयगडची खाडीही आहे. तो पूल व्हावा असे मला वाटते. रात्री-अपरात्री रुग्णाला पलीकडे न्यायचे झाले तर तवसाळच्या माणसाला बोटीच्या वेळेवर अवलंबून राहावे लागू नये. पण पूल झाल्यावर प्रवासी ही खाडी न थांबता ओलांडतील, म्हणून या वाटेने जायचे असेल तर लवकर जावे. निघण्यापूर्वी फेऱ्यांच्या वेळा, विशेषतः शेवटच्या फेरीची वेळ, विचारून घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आंब्यासाठी मे महिन्यात गेलात तर उकाडा सोसण्याची तयारी ठेवावी. परतताना मात्र खुशाल चिपळूणचा रस्ता धरावा, म्हणजे कुंभार्ली घाटही पाहून होतो आणि मुक्काम न करता रात्री सोलापुरात पोहोचता येते.