टॅग नीट असला तरच उत्तर सापडतं

सध्या रात्री जेवणं झाली की मी आमच्या गच्चीवरच्या बागेच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर टॅग, म्हणजे प्रश्नाला लावलेली विषयाची लेबलं, दुरुस्त करत बसतो. कढीपत्ता लिहिलं काय आणि कडीपत्ता लिहिलं काय, कळलं ना, असं बरेच जण म्हणतात. माणसाला कळतं हो, पण टॅगवर क्लिक केल्यावर हुबेहूब तीच अक्षरं असलेले प्रश्नच समोर येतात, बाकीचे असून नसल्यासारखे.

कोथरूडच्या एक काकू आहेत, जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर त्यांनी इतकं नीट उत्तर लिहिलंय की मी प्रिंट काढून ठेवलीय. आधी पाण्याचा जोरात फवारा मारून धुवून काढा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घुसळून पानांच्या खालच्या बाजूने मारा, आठवड्याने परत मारा, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा कारण ढेकूण जे चिकट गोड पाणी सोडतात त्यासाठी मुंग्याच त्यांना सांभाळतात. एवढं सगळं, आणि प्रश्नावर टॅग काय तर 'पिठ्याढेकून'. त्यामुळे नंतर आलेल्या कुणालाच ते दिसलं नाही, लोक तोच प्रश्न परत विचारत राहिले आणि उत्तर मिळालं "एखादं औषध मारा". काकूंची मेहनत अशी वाया जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात चिवट केस ॲडेनियम या फुलझाडाची. टॅगच्या यादीत 'ॲडेनियम' आणि 'अॅडेनियम' एकाखाली एक, माझ्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, तरी प्रश्न वेगवेगळे! कारण असं की 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, २००८ साली आलं, ०९७२ नंबरवर, आणि त्याआधीपासून लोक अ टाइप करून त्याला वर चंद्र जोडत होते, अजूनही काही कीबोर्ड तेच करतात. दिसायला एक, आत एकीकडे एक कोड आणि दुसरीकडे दोन. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते हातानेच जोडावे लागतात. 'नर्सऱ्या'चंही तसंच, त्यातला आडवा रफार काही जण ऱ वापरून काढतात तर काही साध्या र ला हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडणारं अक्षर घालून. पुण्याच्या पावसात ॲडेनियमचा बुंधा कुजतो हा दरवर्षीचा प्रश्न, आणि त्याची चांगली उत्तरं अ ला वेगळा चंद्र जोडलेल्या टॅगखाली अडकलेली.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर नवीन टॅग काढायला १५०० रेप्युटेशन, म्हणजे चांगल्या प्रश्नोत्तरांतून मिळवलेले गुण, लागतं, शिवाय एका टॅगला दुसऱ्याचा सिनोनिम, म्हणजे पर्यायी नाव, करता येतो, त्यामुळे चुकीचं लिहिलं तरी माणूस बरोबर जागी पोचतो. आपल्याकडे ही सिनोनिमची सोय आणाच असं मी ॲडमिनच्या मागे लागलोय.

पण दिसला टॅग की कर मर्ज असं मात्र करू नका. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण हे तीन वेगळे आहेत, पांढरं दिसलं म्हणून एकात ढकलले तर काकूंचं उत्तर परत हरवेल. टॅगवरून खात्री होत नसेल तर फोटो उघडून बघा, विचारणाऱ्याला विचारा. आणि प्लीज, कुणाला शुद्धलेखनावरून बोलू नका, तो माणूस रोप मरतंय म्हणून घाईत आलाय, टॅग गुपचूप बदला आणि पुढे जा. एका दमात पन्नास जुने प्रश्नही एडिट करू नका, ते सगळे वर येतात आणि आजचे नवीन प्रश्न खाली जातात.

आता गुलाबाचे टॅग घ्यायचेत, 'गुलाब छाटणी', 'गुलाबछाटणी', 'गुलाब छाटनी' असे तिन्ही पडलेत. पाऊस संपला की ऑक्टोबरात सगळे कात्री घेऊन बसणार, त्याआधी हे झालं पाहिजे. ज्यांना एडिटचे हक्क आहेत त्यांनी 'छाटनी'पासून सुरुवात करा, 'गुलाबछाटणी' मी बघतो.