पाठीवर लिहायची सोय

कोडॅकचा वेस्ट पॉकेट ऑटोग्राफिक हा कॅमेरा घडी घातली की कोटाच्या खिशात मावतो. नागपूरच्या महाल भागात आतेभावाच्या घरी, त्याच्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, कपाटात असा एक आहे. पुढची पाटी ओढली की आडव्या-तिडव्या पट्ट्यांवर काळा भाता उलगडत येतो; त्याच्या तोंडाशी भिंग आणि शटर. वेग दोनच, सेकंदाचा पंचविसावा आणि पन्नासावा भाग. शिवाय शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवायची सोय. उजेड आत घ्यायच्या भोकाला आकड्यांसोबत चक्क मजकूर: जवळचं चित्र, साधारण दृश्य, दूरचं दृश्य, ढग आणि समुद्र. समुद्र! नागपुरात फुटाळा तलावावर भागवायचं. तसंही आमच्या मे महिन्याला सगळ्यांत बारीक भोकच बरं.

खरी गंमत पाठीमागे आहे. तिथे एक इवलीशी झडप, आणि खोवून ठेवलेली धातूची लेखणी. फोटो काढला की झडप उघडून फिल्मच्या पाठच्या कागदावर लिहायचं. त्या पातळ कागदाखाली कार्बनचा पापुद्रा असतो. लेखणी दाबली की तेवढ्या रेघेपुरता त्याचा आडोसा हटतो. मग झडप काही सेकंद आभाळाकडे धरायची, थेट उन्हाकडे नाही. रेघांतून शिरलेला उजेड दोन फोटोंमधल्या कोऱ्या पट्टीवर पडतो आणि छापताना तिथे पांढरी अक्षरं उमटतात. ही युक्ती हेन्री गाइसमनची. कोडॅकने १९१४ साली तीन लाख डॉलर मोजून ती घेतली. ऑटोस्ट्रॉप हा दाढीचा रेझरही याच गृहस्थाचा; डोकं कुठे चालेल सांगता येत नाही.

असा कॅमेरा १९१५ ते १९२६ विकला जात होता. १९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा कुणाच्या तरी खिशात असेलही.

आजचा फोन तारीख, वेळ, जागा न विचारता नोंदवतो. पण फेटा बांधून मध्ये बसलेला माणूस कोण, ते माणसानेच लिहावं लागतं. आतेभावाकडे असाच एक लग्नाचा फोटो आहे. आत्या म्हणते, "काटोलचे मामाजी." तिची जाऊ म्हणते, "काहीतरीच! ते तं उमरेडचे जावई."

"आबाजींनी तेव्हाच नाव लिहून ठेवलं असतं तं वादच मिटला असता," आतेभाऊ म्हणाला.

"लिहिते तं मोडीतच लिहिते," आत्या म्हणाली. "वाचलं कोनं असतं मंग?"